म्हापशातील व्यसनमुक्ती दवाखाना: सिगारेटसाठी चोख, मटक्यासाठी अपुरा

म्हापशाच्या बाजारपेठेलगतच्या एका खासगी व्यसनमुक्ती दवाखान्यात मी सिगारेट सोडण्यासाठी आणि माझे मेहुणे मटक्याच्या नादापायी उपचार घेत होतो, त्यामुळे या सेवेची दोन्ही अंगे जवळून पाहता आली.

सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने ओढता, हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता. अर्ध्या तासाच्या आत ओढणाऱ्याला निकोटीनचे च्युइंगम 2 ऐवजी 4 मिलिग्रॅमचे लागते. फार्मसीवाल्याने पाकीट हातावर ठेवण्यापलीकडे काही सांगितले नव्हते. इथे मात्र नर्सबाईंनी समोर बसवून शिकवले: जिभेला चुरचुरेपर्यंत सावकाश चावायचे, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचे, चुरचुर ओसरली की पुन्हा चावायचे. निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषले जाते. लाळेबरोबर गिळले तर उचक्या आणि जळजळ तेवढी पदरात पडते. आंबट पेयांनी हे शोषण मंदावते, म्हणून आधीची पंधरा मिनिटे सोलकढी वर्ज्य (गोव्यात हे पथ्य सिगारेट सोडण्याहून अवघड).

च्युइंगमने न भागल्यास व्हरेनिक्लिन देतात. निकोटीन मेंदूत जिथे जाऊन बसते तीच जागा ही गोळी अडवते आणि तिथे सौम्य उत्तेजना देते, त्यामुळे तलफ उतरते आणि सिगारेट ओढलीच तरी तिची लज्जत राहत नाही. साधारण 12 आठवड्यांचा हा क्रम असतो. मळमळ टाळण्यासाठी गोळी जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी लागते.

मेहुण्यांना नाल्ट्रेक्सोन सुरू केले. ही गोळी मुळात दारू आणि अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठीची. जुगाराच्या व्यसनासाठी म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आजवर एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केले, यकृताची तपासणी करवून घेतली आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकांबरोबर ती चालत नाही असेही बजावले. इतका प्रामाणिकपणा खासगी दवाखान्यात दुर्मिळ.

उणीव आहे ती समुपदेशनाची. आकडा लावण्याची ओढ गोळीने थोडी कमी झाली, पण झालेले कर्ज, घरात लपवलेले हिशेब आणि रोज दारावरून जाणारा आकडे घेणारा यांवर बोलायला समुपदेशक आठवड्यातून एकदाच येतात आणि त्या दिवशीही रुग्णामागे जेमतेम दहा मिनिटे मिळतात. शुल्क मात्र पूर्ण. जुगारासाठी जाणाऱ्यांनी समुपदेशकांची वेळ फोनवर पक्की करूनच पैसे भरावेत, अन्यथा बांबोळीच्या सरकारी मानसोपचार संस्थेचा पर्याय आहेच. तंबाखूसाठी 1800-11-2356 हा राष्ट्रीय क्रमांक निःशुल्क आहे.