धमनी आणि शीर: फरक नेमका कुठे?

धमनी हृदयाकडून रक्त बाहेर नेते, शीर ते हृदयाकडे परत आणते. व्याख्या एवढीच. ‘धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध’ हे पाठांतर मात्र सोडून द्यावं. फुप्फुस धमनी कमी ऑक्सिजनचं रक्त नेते आणि फुप्फुस शिरा भरपूर ऑक्सिजनचं रक्त आणतात.

खरा फरक भिंतीत आहे. हृदयाचा प्रत्येक ठोका धमनीवर आदळतो, म्हणून तिची भिंत जाड आणि लवचीक असते. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला बोटं टेकवा, जाणवते ती या भिंतीची उसळी. शिरेची भिंत पातळ, पोकळी मोठी, दाब अगदी कमी. शरीरातलं निम्म्याहून जास्त रक्त शिरांमध्येच असतं.

मग पायातलं रक्त वर चढतं कसं? इथे मला शिरेची रचना जास्त हुशार वाटते. पायांच्या शिरांत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात आणि चालताना पोटरीचे स्नायू शिरा दाबून रक्त वर ढकलतात. इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वी यांनी १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला, तेव्हा हाताच्या शिरांतल्या झडपांचाच पुरावा दिला होता. झडपा निकामी झाल्या की रक्त साचून शिरा फुगतात, तेच व्हेरिकोज व्हेन्स.

तपासणीसाठी रक्त बहुतेक वेळा शिरेतून घेतात, कारण ती त्वचेजवळ असते आणि रक्त लवकर थांबतं. धमनी कापली गेली तर लालभडक रक्त ठोक्यागणिक उसळतं. अशा वेळी जखमेवर लगेच घट्ट दाब द्यायचा आणि रुग्णवाहिका बोलवायची.