चार कॅमेरे, पाच बिऱ्हाडं: दीड वर्ष वापरून झाल्यावर

सांगलीत विश्रामबागेत आमची इमारत आहे, तळमजला आणि वर दोन मजले. यांनी १९९८ साली बांधली. हे गेल्यापासून सगळा व्यवहार मीच बघते. पुढच्या बाजूला मी राहते, मागच्या दोन खोल्यांत वालचंद कॉलेजची तीन मुलं, आणि वर चार बिऱ्हाडं. त्यांतल्या एक मिरजेच्या दवाखान्यात सिस्टर आहेत. त्यांची दुपारची ड्युटी असली की घरी यायला रात्रीचे साडेदहा-अकरा होतात.

जानेवारी २०२४मध्ये एका रात्री पाण्याच्या मोटरची केबल कोणीतरी कापून नेली. तांब्यासाठीच नेली असणार. सकाळी पाच घरांत थेंबभर पाणी नव्हतं. ड्युटीवर निघालेली बाई रिकामी बादली घेऊन जिन्यात उभी होती, ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. भाडं घेते म्हणजे पाणी आणि दाराची काळजी माझीच. म्हणून फेब्रुवारीत कॅमेरे बसवले. माझ्यासारख्या पाच-सहा बिऱ्हाडांच्या मालकांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सेट असा: दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे, डीव्हीआर (म्हणजे रेकॉर्डिंग करणारी पेटी), एक टीबीची हार्ड डिस्क, वायर आणि बसवणावळ धरून १९,५०० रुपये. एक फाटकावर, एक गाड्यांच्या जागेवर, एक दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर आणि एक गच्चीवर टाकीकडे तोंड करून. दिवसाचं चित्र उत्तम. रात्री काळंपांढरं दिसतं, पण फाटकात उभा माणूस ओळखू येतो. डिस्कमध्ये साधारण अकरा दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं, मग जुनं पुसून त्यावर नवं चढतं. हा अकराचा आकडा मला दुकानात कोणी सांगितला नव्हता. तुम्ही आधी विचारा.

बसवल्याच्या तिसऱ्या दिवशी सिस्टर खाली आल्या. म्हणाल्या, "काकू, राग मानू नका, पण माझं दार उघडं असलं की आतली कॉट दिसत असेल हो त्यात." मी मोबाईल काढून बघितलं. खरंच दिसत होती, कॉट आणि दोरीवर वाळत घातलेले कपडेसुद्धा. मला फार वाईट वाटलं. कॅमेरेवाल्याला फोन केला तर म्हणतो, "सगळीकडे असंच असतं मॅडम." मी त्याला परत शिडीवर चढवला आणि समोर उभी राहून कॅमेरा वळवून घेतला. आता फक्त जिन्याच्या पायऱ्या दिसतात. कुठल्या कॅमेऱ्यात काय दिसतं ते प्रत्येक बिऱ्हाडाला माझ्या मोबाईलवर दाखवलं. नवा भाडेकरार करताना त्यातही तसं लिहून घेते. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५नं मालकावरच टाकलेली आहे, मग कागद करायचाच तर हेही त्यात असावं. पासवर्ड माझ्याशिवाय कोणाकडे नाही. कंपनीचा मूळचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायला लावा.

आता या कॅमेऱ्यांनी माझं सगळ्यांत मोठं काम कुठलं केलं ते सांगते. त्या पावसाळ्यात सिस्टरांच्या आतल्या खोलीच्या भिंतीला ओल आली. आधी ताटाएवढा डाग, पंधरा दिवसांत पलंगाएवढा. पोपडे सुटले, कपाटातल्या साड्यांना कुबट वास यायला लागला. प्लंबरनं बाथरूमच्या दोन फरश्या फोडून बघितल्या, काही सापडलं नाही. त्याचे ३,२०० गेले. वॉटरप्रूफिंगवाल्यानं गच्चीवर नुसती एक चक्कर मारली आणि सगळी गच्ची करावी लागेल म्हणून ५२,००० सांगितले. माझी मनाची तयारीही झाली होती.

त्याच दिवसांत मोबाईलवर रोज पहाटे पाच-वीसच्या सुमाराला गच्चीच्या कॅमेऱ्याची सूचना यायची, हालचाल झाली म्हणून. मांजर असेल असं समजून मी उघडत नव्हते. एक दिवस उघडली. टाकीच्या बाजूला काहीतरी पांढरं हलत होतं. मोठं करून बघितलं तर पाणी! टाकी भरून वाहत होती, आणि जादा पाण्याच्या पाइपचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, निसटलेला असल्यामुळे सगळी धार थेट मागच्या भिंतीवर पडत होती. पन्नास मिनिटं. पहिल्या मजल्यावरचे भाऊ फिरायला जाताना मोटर चालू करून जायचे, सगळ्यांची सोय म्हणूनच, आणि परत आल्यावर बंद करायचे. त्यांना बिचाऱ्यांना खालून काय दिसणार! भिंतीला एक बारीक चीर होती, तिथून पाणी आत मुरत होतं.

एल्बो, सोल्यूशन आणि मजुरी मिळून ५२० रुपये. मोटर आपोआप बंद होण्यासाठी टाकीला लेव्हल कंट्रोलर बसवला, तो १,८००. चीर भरून घेतली. भिंत सुकायला दिवाळी उजाडली, मग रंग दिला. गच्चीला अजून हात लावावा लागलेला नाही. कॅमेऱ्यांची किंमत मला तिथेच वसूल झाली. म्हणून सांगते, चार कॅमेरे घेणार असाल तर एक टाकीकडे लावाच.

तक्रार आहे ती बसवणाऱ्याच्या सेवेबद्दल, आणि ती मोठी आहे. यंदा मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला, वीज सारखी जात होती. अशाच एका रात्री मुलांपैकी एकाच्या स्कूटरची बॅटरी चोरीला गेली. कॅमेरेवाल्याला फोन केला, तो "उद्या येतो" म्हणाला. दुसऱ्या दिवशीही उद्या, तिसऱ्या दिवशीही उद्या. इकडे अकरा दिवसांनी रेकॉर्डिंग पुसलं जाणार, म्हणून माझा जीव टांगणीला. शेवटी सहाव्या दिवशी त्या मुलानंच डीव्हीआरला माऊस आणि पेनड्राइव्ह लावून रात्रभर बसून ते शोधलं. वेळ का लागला, तर तारीखच चुकीची होती. आतला बटणासारखा छोटा सेल संपला होता, त्यामुळे वीज गेली की घड्याळ १ जानेवारी २०००वर जायचं. चौकीत हवालदारांनी नीट ऐकून घेतलं, पण चित्रावरची तारीख-वेळ बघून त्यांनीही मान हलवली. त्यात चोराचा चेहरा पांढराफटक. कॅमेऱ्यासमोर कोळ्यानं जाळं विणलं होतं आणि कॅमेऱ्याचा रात्रीचा प्रकाश त्या जाळ्यावरच चमकत होता. बॅटरी मिळाली नाही. कॅमेरेवाला नवव्या दिवशी आला, सेल बदलला आणि भेटीचे ३५० घेऊन गेला. दोन वर्षांच्या वॉरंटीत भेटीचे पैसे धरलेले नाहीत, हेही मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून दर पंधरवड्याला झाडूच्या काठीला मऊ फडकं बांधून चारही कॅमेरे पुसते आणि पडद्यावरची वेळ मोबाईलशी ताडून बघते. डीव्हीआर आणि वायफायला मिळून एक छोटा यूपीएस घेतला, २,६०० रुपयांचा. हा मुळातच सेटबरोबर द्यायला हवा होता, कारण चोर अंधारातच येतो. गच्चीवरच्या वायरचा जोडही पहिल्या पावसात गंजला होता. तो डब्यात घालून घेतला, आणि वायर आत शिरण्याआधी खाली झोळ देऊन वळवली, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं.

फाटकाचं कुलूपही बदललं. आधी दहाला साधं कुलूप लागायचं आणि सिस्टरांना फोन करून कोणाला तरी उठवावं लागायचं. आता दोन्ही बाजूंनी किल्लीनं उघडणारं कुलूप आहे, प्रत्येक घराला एक किल्ली. बिऱ्हाड बदललं की मी कुलूपही बदलते. जुन्या किल्लीची नक्कल कोणाकडे राहिली असेल ते सांगता येत नाही.

कॅमेऱ्यांना पाचपैकी चार देईन, बसवणाऱ्याला दीड. वॉरंटी फेब्रुवारीत संपते. वर्षाच्या देखभालीसाठी त्यानं ३,००० सांगितलेत, ते मी त्याला देणार नाही. दोन गल्ल्या सोडून एक मुलगा हीच कामं करतो. परवा डिस्क मोठी करायची म्हणून त्याला बोलावलं, तर दुपारी फोन केला आणि संध्याकाळी पाचला दारात हजर. वर जाऊन आधी टाकीकडचा कॅमेरा त्यानं स्वतःच्या रुमालानं पुसला, मग डीव्हीआर उघडला.