ओपनएसएसएल ३ची हॅश कमांड : हिशोब चोख, नावांचा मात्र घोळ

बीकेसी-अंधेरीतल्या ज्या टीमना रोज रात्री बँकेकडे फाइल आणि तिचा चेकसम (फाइल वाटेत बदलली नाही हे पडताळायचा आकडा) पाठवावा लागतो, त्यांनी सर्व्हर बदलण्याआधी हे वाचावं. रेड हॅट लिनक्स ८ वरून ९ वर गेलात की ओपनएसएसएल (एन्क्रिप्शन आणि हॅशचं सॉफ्टवेअर) १.१.१ जाऊन त्याची ३ ही मालिका येते. उबुंटू २२.०४ मध्येही तेच. मग स्क्रिप्टला कोणी हात लावला नाही तरी तिला मिळणारी ओळ बदलते.

१.१.१ मध्ये हॅश काढणारी 'डीजीएसटी' कमांड शा-२५६ साठी (फाइलवरून ठरावीक लांबीचा हॅश काढायची एक पद्धत) चालवली की 'शा२५६(फाइल)= ' आणि पुढे ६४ अक्षरं यायची. ३ मध्ये तिथे 'शा२-२५६(फाइल)= ' येतं. पाइपमधून डेटा दिला तर पूर्वी नुसतं '(एसटीडीइन)= ' असायचं, आता त्याच्याही आधी नाव चिकटतं. हॅश तोच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पण ग्रेप या शोध कमांडने जुनं नाव शोधणाऱ्या स्क्रिप्टच्या हाती काहीच लागत नाही आणि ती रिकामी चेकसम फाइल बनवून मोकळी होते. सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडने '(एसटीडीइन)= ' उडवणारी स्क्रिप्ट त्याहून वाईट. फाइल भरलेली दिसते, फक्त हॅशच्या आधी 'शा२-२५६' उरलेलं असतं. समोरून 'जुळत नाही' एवढंच उत्तर येतं आणि माणसं एन्क्रिप्शनची की (किल्ली) तपासत बसतात.

यावर '-आर' हा पर्याय चांगला आहे. त्याने आधी हॅश, मग स्पेस, तारांकन आणि फाइलचं नाव येतं, अल्गोरिदमचं नाव येतच नाही. ऑक या कमांडने पहिला कॉलम घ्या, काम झालं. दोन्ही आवृत्त्यांत चालतं आणि लिनक्सची पडताळणीची 'शा२५६सम -सी' कमांडही ही ओळ जशीच्या तशी वाचते.

आता दोष कोणाचा? फिप्स १८०-४ या अमेरिकी सरकारी मानकात नाव 'शा-२५६' असंच आहे. २०१५ मध्ये फिप्स २०२ आलं, त्यात 'शा३-२५६'. दोन्हींचा निकाल २५६ बिटांचा, म्हणून जुन्याला 'शा२-२५६' म्हणायची सोय झाली. खुद्द निस्टच्या (ही मानकं काढणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या) चाचणी प्रोटोकॉलमध्ये, एसीव्हीपीमध्ये, हेच नाव वापरतात. म्हणजे मानक लिहिणाऱ्यांच्याच घरात दोन नावं! तरी आमच्या मते इनपुटला चार नावं चालवून घ्यावीत आणि छापताना मानकातलंच छापावं. नाहीतर छापलेलं 'शा२-२५६' कोणीतरी उचलून जावा भाषेतल्या हॅश काढणाऱ्या मेसेजडायजेस्टला देतं आणि 'असा अल्गोरिदम नाही' ही एक्सेप्शन घेऊन बसतं. जावाला डायजेस्टसाठी 'शा-२५६' लागतं, सहीसाठी मात्र बिनडॅशचं 'शा२५६विथआरएसए'. तिथेही आनंदच.

'लिस्ट -डायजेस्ट-अल्गोरिदम्स' या कमांडला मात्र पूर्ण गुण. एकाच महिरपी कंसात शा-२५६ची सगळी नावं आणि ओआयडी (अल्गोरिदमचा ठरलेला ओळख क्रमांक) २.१६.८४०.१.१०१.३.४.२.१ दिसतो. वाद झाला की हाच आकडा धरा, त्यात डॅशचा प्रश्नच येत नाही.

सर्वांत फसवं नाव शा-५१२/२५६. कमांडला ते डॅशने, 'शा५१२-२५६' असं देता येतं; छापताना तिरकी रेघ येते, आणि तेच नाव फाइलला दिलंत तर रेघेआधीचा भाग लिनक्स फोल्डर समजतो. काही जण शा-५१२ काढून अर्धा भाग कापतात. ते चूक आहे, कारण दोन्हींची सुरुवातीची मूल्यं वेगळी आहेत. रिकाम्या इनपुटवर शा-५१२ 'सीएफ८३'ने सुरू होतो, शा-५१२/२५६ 'सी६७२'ने. इथेरियम या ब्लॉकचेनवाल्यांची केकॅक-२५६ ही हॅश पद्धत आणि शा३-२५६ यांतही असाच गोंधळ होतो. पॅडिंग (इनपुटच्या शेवटी जोडायची भर) वेगळं, म्हणून निकालही वेगळा.

बँकेशी स्पेसिफिकेशन ठरवताना मानकातलं नाव, ओआयडी आणि रिकाम्या फाइलचा अपेक्षित हॅश, तिन्ही लिहून घ्या. शा-२५६ असेल तर तो 'ई३बी०सी४४२'ने सुरू होतो.

एकूण या कमांडला पाचपैकी साडेतीन गुण. नावाला वैतागून १.१.१ वर मात्र अडून राहू नका. सप्टेंबर २०२३ पासून त्याच्या मोफत दुरुस्त्या बंद आहेत.