पाण्यातील शिसे जागेवर तपासणारा कागदी संच : एक परीक्षण

पाण्यातील शिसे आणि कॅडमियम जागेवरच तपासता यावे म्हणून आमच्या रसायनशास्त्र विभागाने कागदी चकत्या, छापील कार्बन इलेक्ट्रोड आणि मोबाइलला जोडता येणारा छोटा पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडला ठरावीक व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणारे उपकरण) असा संच घेतला. विहिरींचे, कूपनलिकांचे आणि जुन्या इमारतींतील नळांचे पाणी त्यावर तपासून, त्यातील काही नमुने आयसीपी-एमएस या धातूंचे सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या प्रयोगशाळेतील यंत्रावर पडताळून पाहिल्यानंतर हे लिहीत आहे.

या संचाचे खरे बळ कागदात आहे. फिल्टर पेपरच्या चकतीभोवती मेणाचे कडे असून तिच्यात अ‍ॅसिटेट बफर (सामू स्थिर ठेवणारे मिश्रण), पोटॅशियम क्लोराइड आणि बिस्मथचा क्षार आधीच वाळवून ठेवलेला असतो. पाण्याचे मोजके थेंब पडताच हे क्षार विरघळतात, सामू (pH) ४.५ च्या आसपास येतो आणि गढूळपणाचे कण तंतूंत अडकून राहतात. ओली चकती इलेक्ट्रोडवर ठेवली की उपकरण काही मिनिटे उणे १.२ व्होल्टच्या जवळपास विभव (व्होल्टेज) देते, त्यामुळे शिसे आणि कॅडमियम बिस्मथबरोबर कार्बनवर जमा होतात. नंतर विभव धन बाजूकडे सरकवला की कॅडमियम उणे ०.८ आणि शिसे उणे ०.५५ व्होल्टच्या सुमारास पुन्हा विरघळते, आणि त्या वेळी वाहणाऱ्या प्रवाहाच्या शिखरावरून प्रमाण कळते. पूर्वी या कामाला पारा लागत असे. बिस्मथचा पर्याय जोसेफ वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मांडला, म्हणूनच असा संच निर्धास्तपणे विद्यार्थ्यांच्या हाती देता येतो.

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, तर कॅडमियमची ०.००३ मिलिग्रॅम आहे. स्वच्छ कूपनलिकेच्या पाण्यात शिशाच्या मर्यादेजवळचे शिखर स्पष्ट दिसते आणि आयसीपी-एमएसच्या आकड्याशी त्याचा मेळ समाधानकारक बसतो. कॅडमियमचे शिखर मात्र त्याच्या मर्यादेपाशी आधाररेषेत जवळजवळ बुडून जाते. कागदात द्रव ढवळता येत नाही आणि धातू केवळ विसरणाने, म्हणजे द्रवात आपोआप पसरत, इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचतो, हे पाहता याचे आश्चर्य वाटत नाही. पण वेष्टनावर दोन्ही धातू एकाच दमात छापणे मला योग्य वाटत नाही.

सर्वांत गंभीर अडचण तांब्याची आहे. तांबेही त्याच पृष्ठभागावर जमा होते, बिस्मथची जागा अडवते आणि शिशाचे शिखर खुजे करते. रात्रभर पितळी नळात साचलेल्या पाण्यात शिसे आणि तांबे बहुधा एकत्रच उतरतात, म्हणजे जिथे या तपासणीची सर्वाधिक गरज आहे तिथेच आकडा कमी येण्याची भीती असते. अशा नमुन्यात ज्ञात प्रमाणातील शिशाचे द्रावण मिसळून पुन्हा मोजावे आणि शिखर किती वाढते ते पाहावे. माहितीपत्रकात याचा उल्लेख असायलाच हवा होता. चकती थेट पाण्यात बुडवण्याची त्यातील सूचनाही चुकीची आहे, कारण तसे केल्यास वाळवलेले क्षार पाण्यात निघून जातात. मायक्रोपिपेटने ठरावीक घनफळ टाकणे हाच योग्य मार्ग, आणि प्रत्येक पाकिटातील एक चकती ऊर्ध्वपातित पाण्यावर चालवून कागदाचा स्वतःचा आकडा आधी पाहून घ्यावा.

गढूळ पाण्याचा आकडा आयसीपी-एमएसपेक्षा कमी येतो. तिथे नायट्रिक आम्लाने कणांतील शिसेही सोडवले जाते, तर इथे मुख्यतः मोकळे, सहज विरघळलेले शिसेच मोजले जाते. याच कारणाने हीच चकती भिंतीवर घासून रंगातील शिसे तपासण्याचा सल्ला मी मुळीच मानणार नाही. भारतात घरगुती रंगांसाठी ९० पीपीएमची (दशलक्ष भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू आहे, पण लेड क्रोमेटसारखी रंगद्रव्ये अ‍ॅसिटेट बफरमध्ये फारशी विरघळत नाहीत, आणि लहान मुले असलेल्या घरात ‘शिसे आढळले नाही’ हा निष्कर्ष घातक ठरू शकतो.

गावातील अनेक स्रोतांपैकी कोणते नमुने प्रयोगशाळेकडे आधी पाठवायचे हे ठरवण्यासाठी शाळा-महाविद्यालयांनी हा संच अवश्य घ्यावा. पाणी पिण्यायोग्य असल्याचा दाखला देण्यासाठी तो वापरू नये. उत्पादकाने पुढील पाकिटात शिशाचे प्रमाणित द्रावण आणि क्षारविरहित कोऱ्या चकत्या दिल्या, तर वर सांगितलेल्या बहुतेक पडताळण्या विहिरीच्या काठावरच करता येतील.