एए मीटिंग शोधताना आणि पहिल्यांदा जाताना (पुणे) – आमचा अनुभव

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायला चालवलेले ग्रुप. दारू सोडू पाहणाऱ्या दादासाठी त्यांची मीटिंग शोधायला लागले तेव्हा मराठीत कुणी साधं सरळ लिहिलेलं सापडेना, की जायचं कसं, आत काय होतं, पैसे किती लागतात. म्हणून लिहितेय. ग्रुपचं नाव देत नाही, कारण तिथे येणाऱ्यांची ओळख बाहेर जाऊ द्यायची नाही हा त्यांचा नियम आहे आणि तो मला मनापासून पटलाय.

आधी शोधण्याबद्दल, कारण आमचा सगळ्यात जास्त त्रास तिथेच झाला. एका वेबसाईटवर पत्ता मिळाला, गुरुवारी संध्याकाळी साडेसात, एका शाळेत. दादाला कसंबसं तयार केलं, रिक्षात बसवलं, तिथे पोचलो तर गेटला कुलूप. वॉचमन म्हणाला ते लोक कधीच दुसरीकडे गेले. दादा काहीच बोलला नाही, पण परत येताना कोपऱ्यावरच्या वाईन शॉपकडे बघत होता आणि मी त्याचा हात घट्ट धरून ठेवलेला, बेचाळीस वर्षांच्या माणसाचा हात. एवढा धीर करून माणूस दारापर्यंत येतो आणि दार बंद, जुना पत्ता वेळेत काढून टाकायला हवा होता हो कुणीतरी.

दुसऱ्या दिवशी शहाणपण आलं आणि एएच्या हेल्पलाईनला फोन केला. एका काकांनी उचलला. आधी विचारलं, पेशंट रोज किती पितो, कधीपासून बंद केलीय, हात थरथरतात का, झोप लागते का, फिट वगैरे आली का. म्हणाले ताई, मीटिंगला या पण आधी डॉक्टरला दाखवा. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा प्लीज, वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने अचानक बंद केली तर फिट येऊ शकते, माणूस भ्रमात जाऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. मीटिंग म्हणजे औषधोपचार नाही. आम्ही डॉक्टरांकडे गेलो, आठवडाभराच्या गोळ्या झाल्या, मग मीटिंग. कुणाला अॅडमिट करायची वेळ आली तर पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहेच, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये सुरू केलेलं. आणि पुण्याबाहेरच्यांसाठी सरकारची 14446 ही हेल्पलाईन आहे.

तर फोनवर काका शेवटी म्हणाले, आता त्यांनाच फोन देता का. दादा गॅलरीत जाऊन वीस मिनिटं बोलला. आमच्याशी महिनाभरात एवढा बोलला नव्हता. मी दारात उभी राहून ऐकत होते, तर दादा मध्येच म्हणाला, "तुम्हीपण सकाळी प्यायचात?"

मीटिंग. शाळेचा वर्ग, बुटके बाक, वीसेक माणसं, चहा. ओपन मीटिंग होती म्हणून मला बसता आलं, क्लोज्ड असते तेव्हा फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायचीय तेच. दीड तास. एकेक जण उठून सांगतो, माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक आहे, आणि मग स्वतःचं सांगतो, मध्ये कुणी तोडत नाही, उपदेश तर अजिबात नाही. एक रिक्षावाले, एक बँकेतले साहेब, एक कॉलेजचा पोरगा वाटेल असा मुलगा. फी नाही, फॉर्म नाही. शेवटी डबा फिरतो त्यात ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो, नवीन माणसाला टाकू देत नाहीत. त्या दिवशी एकाचा नववा बर्थडे होता, म्हणजे दारू सोडून नऊ वर्षं, त्याच्या आईने पेढे वाटले आणि मला रडू आवरेना.

तिथे कुणी डॉक्टर किंवा समुपदेशक नसतो. हे 1935 मध्ये अमेरिकेत दोन दारुड्यांनीच सुरू केलं, एक शेअर बाजारातला आणि एक सर्जन, आणि अजूनही तसंच चालतं, दारू सोडलेला माणूस दारू सोडू पाहणाऱ्याशी बोलतो.

न आवडलेलं पण सांगते. प्रार्थना असते, ईश्वर हा शब्द सारखा येतो, दादा देवबिव मानत नाही त्यामुळे पहिल्यांदा तो अवघडला. त्याला सांगितलं की आपापल्या समजुतीप्रमाणे घ्या, पण ते पटायला त्याला वेळ लागला. आणि बाईमाणूस त्या खोलीत मी धरून दोनच. बायकांना हे फार जड जात असणार, त्यांनी फोनवर आधीच विचारावं की बायकांची वेगळी किंवा ऑनलाईन मीटिंग आहे का.

तिसऱ्या महिन्यात दादा घसरला, त्यांच्या भाषेत स्लिप. लग्नाला गेला होता. मला वाटलं आता तोंड दाखवणार नाही तिथे, पण काकांनी स्वतः फोन केला, ये, बाक रिकामा आहे म्हणाले. कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही. आता सात महिने झालेत. वहिनी अल-अॅनॉनला जाते, ते घरच्यांसाठी असतं, वेगळा वार, वेगळी जागा. तिच्यासाठी हे आम्ही आधीच शोधायला हवं होतं, पंधरा वर्षं तिने एकटीने काढली.

जाणार असाल तर आधी फोन करा, पत्ता आत्ताचा आहे का, ओपन की क्लोज्ड, मराठीत असते की हिंदी-इंग्रजीत, एवढं विचारा. एक ग्रुप नाही जमला तर दुसरा बघा, प्रत्येकाचा सूर वेगळा असतो. आणि गेटवर कुणी थांबेल का असंही विचारा. आमच्यासाठी ते काका पावसात छत्री घेऊन थांबले होते.