संकरित राय की खुल्या परागणाची राय?

जर्मनीतील ब्रांडेनबुर्गच्या रेताड जमिनीत रायची (मोहरी नव्हे, हे गव्हाच्या कुळातील तृणधान्य आहे) पेरणी करू पाहणाऱ्या एका परिचितांनी संकरित आणि खुल्या परागणाचे (शेतातल्या रोपांत आपसात मुक्त परागण होऊन तयार झालेले) यांपैकी कोणते बियाणे घ्यावे, असे विचारले.

उत्पादनात संकरित वाण निःसंशय पुढे आहेत. होहेनहाइम विद्यापीठातील संशोधनात अर्जेंटिनाच्या रायमध्ये सापडलेल्या नर-वंध्यत्वाचा (रोपाने सक्षम परागकण न देण्याचा गुण) उपयोग झाला आणि १९८४ मध्ये जर्मनीत पहिले संकरित वाण मान्य झाले. त्यांचे उत्पादन साधारण १५ ते २० टक्के अधिक मिळते. मात्र बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, तर खुल्या परागणाच्या वाणाचे घरचे बियाणे काही वर्षे वापरता येते. शिवाय त्याचा पेंढाही जास्त मिळतो.

माझ्या मते खरा कस लागतो तो अरगट या बुरशीजन्य रोगापुढे, जो आपल्या बाजरी उत्पादकांनाही परिचित आहे. राय वाऱ्यावरच्या परागकणांवर अवलंबून असते. परागण होईपर्यंत फूल उघडे राहते आणि तेवढ्या अवधीत बुरशी आत शिरते. पराग कमी देणाऱ्या संकरित वाणांत हा धोका वाढतो, म्हणूनच इराणी रायमधील पराग-पुनःस्थापक जनुके (परागकण देण्याची क्षमता परत आणणारी) संकरांत आणली गेली आणि बियाण्यात सुमारे १० टक्के खुल्या परागणाची राय मिसळण्याची पद्धत रूढ झाली. अरगटातील विषारी अल्कलॉइडे पिठात उतरत असल्याने याकडे दुर्लक्ष मुळीच नको.

मोठे क्षेत्र, बाजारासाठी धान्य आणि अरगट वेगळा काढणारी चांगली चाळणी-यंत्रणा असल्यास पुनःस्थापक जनुके असलेला संकर घ्यावा. सेंद्रिय शेती, गुरांसाठी पेंढा आणि घरचे बियाणे हवे असल्यास खुल्या परागणाचा वाण योग्य.