आठ महिने डावा भांग: कोवळ्या चेहऱ्यासाठी केलेल्या कटिंगचा अनुभव

माझं वय २७ आहे, पण चेहरा अजून बारावीतल्या पोराचा. गोल गाल, बारीक हनुवटी, दाढी जेमतेम. मी गुरांचा डॉक्टर आहे. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडल्यापासून माण तालुक्यात प्रॅक्टिस करतो. तरुण दिसण्यात वाईट काय, असं मित्र विचारतात, म्हणून आधी गेल्या जूनमधली एक रात्र सांगतो.

रात्री अकराला फोन आला, गाय अडली होती. पोचलो, बाह्या वर केल्या, हातमोजे चढवायला लागलो, तेवढ्यात घरातल्या आजी म्हणाल्या, "लेकरा, डॉक्टर मागनं येत्यात का?" मीच डॉक्टर म्हटल्यावर त्यांनी मुलाकडं बघितलं. मुलगा बाजूला जाऊन दुसऱ्या डॉक्टरांना फोन लावत बसला. वीस मिनिटं गेली. शेवटी ते डॉक्टर लांबच्या गावात अडकलेत असं कळलं, तेव्हा मला हात घालू दिला. वासराचा पुढचा एक पाय मागं दुमडलेला होता, तो सरळ करून वासरू काढलं. ते जगलं. पण अडलेल्या गाईची वीस मिनिटं काय असतात हे ज्याला माहीत आहे, त्याला माझी तळमळ समजेल. त्या घरच्यांचा मला राग नाही. दारात उभ्या असलेल्या पोराच्या हाती लाखभराची गाय कोण देईल?

जुलैत पहिला प्रयत्न केला तो फसला. शहरातल्या एका मोठ्या सलूनमध्ये गेलो आणि "जरा मोठा दिसेन असं काहीतरी करा" म्हणालो. त्यांनी स्किन फेड मारला. कानाच्या वरपर्यंत झिरो मशीन, कल्ले गायब, वर केस आणि पुढं कपाळावर सोडलेली झुलपं. विरळ दाढीला वस्तऱ्यानं कोर काढून दिली. ४५० रुपये घेतले. घरी येऊन आरशात नीट बघितलं, तर कान बाहेर आलेले, मान बारीक, कपाळ झाकलेलं आणि उरलेत ते नुसते गाल. पेनानं आखल्यासारखी दाढीची कोर तर आणखीच पोरकट दिसत होती. शिवाय फेड दहा-बारा दिवसांत भरून येतो, म्हणजे पुन्हा खुर्चीत. माझ्यासारख्या चेहऱ्याच्या कुणीही फेडच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांचा जबडा रुंद आणि दाढी भरदार आहे त्यांना तो शोभतो, हे मान्य.

यामागचं कारण मला कॉलेजात शिकलेल्या एका गोष्टीत सापडलं. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लॉरेन्झ यांनी १९४३ मध्ये पिलांच्या चेहऱ्याबद्दल मांडणी केली होती: मोठे डोळे, फुगीर गाल, आखूड नाक, लहान हनुवटी दिसली की आपण ते पिल्लू समजतो आणि जपायला धावतो. वासरू, कुत्र्याचं पिल्लू, माणसाचं बाळ, सगळ्यांना हे लागू. माझ्या चेहऱ्यात यातलं बरंचसं आहे. ते बदलता येत नाही. पण पुरुषाची एक खूण माझ्याकडंही होती आणि ती मीच झाकून ठेवली होती. लहान मुलाच्या कपाळावरची केसांची रेघ साधारण गोल असते, आणि विशीच्या आसपास बहुतेक पुरुषांची ती कानशिलाजवळ थोडी मागं सरकते, कोपरे पडतात. हे टक्कल नव्हे. ते कोपरे दिसले की चेहरा पोक्त वाटतो. झुलपांखाली ते दिसणार कुठून?

हे सगळं मला नंतर सुचलं. आधी सांगितलं ते आमच्या बाजाराच्या गावातल्या केस कापणाऱ्या कारागिरानं. ऑगस्टमध्ये गेलो, वय साठीच्या पुढचं, मी त्यांना मामा म्हणतो. त्यांनी केस ओले केले, सगळे मागं विंचरले आणि डोक्यावर तळहात ठेवून हलकेच पुढं ढकलला. केस आपोआप डावीकडं फाटले. "हितं हाय तुमचा भांग," ते म्हणाले, "तुम्ही आजपातूर उजवीकडं पाडताय. भोवऱ्याच्या उलटं गेलं की क्यास उभं ऱ्हाणारच." इतकी वर्षं पाणी मारून मारून जे केस बसत नव्हते, ते एका मिनिटात बसले.

आता कटिंगचं सांगतो, कारण "भांगाची कटिंग" एवढंच सांगून कुणाला नीट मिळणार नाही. बाजू कात्री-कंगव्यानं कापायच्या. मशीनच लावायचं असेल तर कानावर ४ नंबर, म्हणजे साधारण १२ मिलिमीटर, आणि खाली मानेकडं ३. त्याखाली उतरू देऊ नका. वरचे पुढचे केस ७-८ सेंटिमीटर, मागं भोवऱ्याकडं थोडे कमी. कल्ले कानाच्या मध्यापर्यंत ठेवून सरळ कापायचे, टोकदार नकोत. मानेवर चौकोनी रेघ न मारता निमुळतं सोडायचं. माझ्या चेहऱ्यात सगळ्यात जास्त फरक कल्ल्यांनी पडला असं मला वाटतं. गोल गालाला दोन उभ्या रेघा मिळाल्या. दाढी मी रोज करतो, मिशी मात्र ठेवली आहे, ओठाच्या कडेवर नीट कापलेली. आमच्या भागात मिशीला अजून मान आहे.

खरा त्रास वाट बघण्याचा. फेडनंतर पुढचे केस जेमतेम ४ सेंटिमीटर उरले होते आणि केस महिन्याला वाढतात एखाद सेंटिमीटर, फार तर सव्वा. सप्टेंबर-ऑक्टोबर वाईट गेले. केस मागंही जात नव्हते आणि बाजूलाही राहत नव्हते, गाईखाली वाकलो की थेट डोळ्यांत. दोनदा मी वैतागून "काढून टाका" म्हणालो. मामांनी दोन्ही वेळा ऐकलं नाही, फक्त मान आणि कानामागचं साफ करून दिलं. त्याचे पैसेही घेतले नाहीत. डिसेंबरात भांग पहिल्यांदा दिवसभर टिकला.

हेल्मेटचा प्रश्न मला रोजचाच. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर गाडीवर होतात. वर फुगवून ठेवायची कटिंग हेल्मेटमध्ये पहिल्या गावापर्यंतच राहते. भांगाचं तसं नाही. हौदावर हात धुतले की तेच ओले हात केसांतून फिरवायचे, खिशातला कंगवा एकदा मारायचा, झालं. जेल मी दोन आठवडे वापरून टाकून दिलं. ते ओलं चकाकतं, आणि चकाकणाऱ्या केसांनी पोरगेलेपण परत येतं. वर वैरणीची धूळ चिकटते. चमक नसलेला हेअर क्ले, म्हणजे केस बसवायचा घट्ट लेप, चांगला, वाटाण्याएवढा पुरतो, पण मार्चपासून घामानं तो कपाळावर उतरतोय. खोबरेल रात्री लावतो, सकाळी धुऊन टाकतो.

फरक पडला का? पडला. जानेवारीत ओळखपत्रासाठी फोटो काढला, जुन्या फोटोतलाच आकाशी शर्ट घालून. दोन्ही शेजारी ठेवले तर मला तरी चार-पाच वर्षांचं अंतर दिसतं. ओळखीच्या गावांतला अनुभव मी धरत नाही, तिथं आता कामामुळं विश्वास बसलाय. नव्या गावात बघायचं. फेब्रुवारीत म्हसवडच्या पलीकडच्या एका वस्तीवर पहिल्यांदाच गेलो होतो, शेळ्यांना पोटफुगी झालेली. गाडी लावतोय तोवर एक म्हातारबाबा उठले आणि म्हणाले, "या डॉक्टर, हिकडनं या." पुढं कुणी कुणाकडं बघितलं नाही, मी सरळ शेळीजवळ जाऊन बसलो. एवढंच मला हवं होतं. अजूनही महिन्यातून एखाद वेळी "मोठे डॉक्टर कुठंयत" ऐकू येतं, विशेषतः मास्क लावलेला असला की. तेव्हा मिशीही झाकते आणि कल्लेही.

आईला ही कटिंग आवडलेली नाही. लग्नाच्या फोटोसाठी पुन्हा केस पुढं सोड, असं तिचं म्हणणं आहे. मी नाही म्हणालो.

खर्च महिन्याला १०० रुपये, साधारण २४-२५ दिवसांनी एक फेरी. महिना उलटला की कानावरचे केस फुगतात आणि चेहरा परत गोल दिसतो, म्हणून तारीख चुकवत नाही. सोमवारी दुकान बंद असतं, रविवारी तासभर रांग, मी मंगळवारी सकाळी जातो. कुरळ्या केसांना हे जमेल असं वाटत नाही. परभणीच्या माझ्या मित्रानं करून पाहिलं, भांग दुपारपर्यंत बुजला. त्यानं बाजू बारीक करून वरचे केस नुसते कपाळावरून मागं ठेवले, ते त्याला छान दिसतं.

आता एप्रिल लागतोय. मामा म्हणतात वरचे केस ६ सेंटिमीटरवर आणू, घाम कमी येईल आणि भांगही राहील. या मंगळवारी करून बघणार आहे.